ब्रॉडहेड कुठलं घ्यायचं? धनुष्यानं शिकारीला निघालेल्या नवख्यांसाठी (इथल्या नाही, तिकडच्या)

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. दुकानाच्या भिंतीवर टांगलेली पंधरा-वीस पाकिटं, प्रत्येकात तीन-तीन ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं पात्यांचं टोक), आणि खाली एवढंच, "मामा कुठलं घेऊ, दुकानवाला म्हणतोय सगळीच बेस्ट आहेत." भाचा कराडचा, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिनात नोकरीला, कॉलेजात असताना चार-पाच वर्षं साताऱ्यात येऊन कंपाउंड (चाकं लावलेलं धनुष्य) मारायचा, आता तिथल्या मित्रांच्या नादानं हरणाच्या सीझनचं लायसन्स काढलंय. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं टाइप करून ठेवतो, कारण असे फोन आता वर्षाला चार-पाच येतात. सातारा-सांगलीची धनुष्य हातात धरलेली पोरं कुठं कुठं पोचलीत. शेरेवाडीच्या अदिती स्वामीनं २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली तेव्हा ती १७ वर्षांची होती, त्याच्या आधी फलटणकडच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला, त्यामुळं आपल्याकडं गल्लीतल्या पोराला पण रिकर्व्ह (बिनचाकांचं, ऑलिंपिकमधलं) आणि कंपाउंडमधला फरक माहीत असतो. पण ब्रॉडहेड म्हटलं की सगळे कोरे, आणि ते बरोबरच आहे, आपल्याला त्याचं कामच नाही.

मी तज्ज्ञ नाही हे आधीच सांगतो. कंपनीच्या कामानं तीन वर्षं विस्कॉन्सिनला होतो, शेजारचे आजोबा पन्नास वर्षं धनुष्यानं शिकार करणारे, त्यांच्याबरोबर दोन सीझन जंगलात बसलो. जे शिकलो ते त्यांच्याकडनं आणि स्वतःच्या चुकांतनं, चुका जास्त.

पहिली गोष्ट, हे इथं करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं शिकार बंद आहे, मग ती बंदुकीनं असो, फासक्यानं असो नायतर बाणानं. पाटणकडं शेतात गवा घुसतो, सागरेश्वरच्या कडंच्या लोकांना हरणं पिकात येऊन वैताग देतात, सगळं खरं आहे, पण त्याला उपाय वनखात्याकडं अर्ज, पंचनामा आणि भरपाई, बाण नाही. कोयना आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं असलं काही घेऊन फिरताना सापडलात तर मामा पण सोडवायला येणार नाही. तिकडनं येताना "शो म्हणून" दोन ब्रॉडहेड बॅगेत टाकून आणू नका, ग्राउंडवर तर अजिबात नाही, फोमच्या टार्गेटची वाट लागते आणि बाण काढायला गेलेल्या पोराचा हात कापतो. आणि परदेश म्हणजे सगळीकडं चालतं असं पण नाही, इंग्लंडमध्ये आणि जर्मनीत धनुष्यानं शिकार बंदच आहे. अमेरिकेत चालते, पण प्रत्येक राज्याचा नियम वेगळा.

आता मुद्द्यावर येतो. टोकांचे प्रकार आधी डोक्यात घ्या. आपण ग्राउंडवर वापरतो तो टार्गेट पॉइंट, बहुतेक वेळा ग्लू गरम करून बाणाच्या नळीत बसवलेला. दुसरा फील्ड पॉइंट, गोल, टोकदार, आट्यांचा, स्क्रूसारखा फिरवून बसतो, शिकारीवाले यानं सराव करतात. तिसरं ब्रॉडहेड, म्हणजे पाती असलेलं टोक. यातनं पहिलं बारीक पण महत्त्वाचं काम निघतं: साताऱ्यातनं नेलेले तुमचे बारीक टार्गेटचे बाण तिकडं चालणार नाहीत. शिकारीच्या बाणाला पुढं धातूचा इन्सर्ट असतो आणि त्यात ८-३२ मापाचे आटे, बहुतेक फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड त्याच आट्यात बसतात. भाच्यानं घरून दीड डझन बाण नेले होते, हौसेनं नावं घातलेले, ते आता भिंतीवर लावलेत.

हे पातं करतं काय ते कळलं की निवड निम्मी झाली. गोळी धक्क्यानं मारते, बाणात तसला धक्का नसतोच, बाण कापून मारतो. पातं फुप्फुसातनं आरपार गेलं की रक्तस्राव होतो, जनावर पळतं आणि थोड्याच अंतरावर पडतं. म्हणजे ब्रॉडहेडकडनं तीनच गोष्टी पाहिजेत: जिथं नेम धरला तिथं जायला पाहिजे, आत खोल शिरायला पाहिजे, आणि शिरताना कापायला पाहिजे. पाकिटावरच्या कवटीच्या चित्राचा यात काही संबंध नाही.

मग सुरुवात कुठनं करायची? दुकानातनं नाही. आधी जनावर आणि नियमाचं पुस्तक. विस्कॉन्सिनात १९७३ च्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही, तो करा, आणि नुसता पास व्हायला नको, नीट करा. ब्रॉडहेडच्या रुंदीचा नियम तिथंच कळतो, विस्कॉन्सिन आणि कोलोरॅडोसकट बऱ्याच राज्यांत किमान ७/८ इंच, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर. काही ठिकाणी उघडणाऱ्या पात्यांवर बंधनं असतात, धनुष्याच्या पाउंडांची (म्हणजे ते ओढायला लागणाऱ्या जोराची) किमान मर्यादा असते, आणि हे दरवर्षी बदलू शकतं म्हणून त्या वर्षीचंच पुस्तक बघायचं, मित्रानं सांगितलं म्हणून नाही. जनावराचं म्हणाल तर व्हाइटटेल हरणाचा नर शंभर किलोच्या आसपास, एल्कचा (हरणाच्याच जातीतलं मोठं जनावर) नर तीनशेच्या वर. दोघांच्या बरगडीत आणि कातडीत फरक आहे, हरणाला जे चालतं ते एल्कला चालेलच असं नाही.

दुसरं काम, तुमचं धनुष्य किती दम देतं ते कागदावर काढा. हा हिशोब कुणी करत नाही आणि मग पात्याला शिव्या देतात. बाणाचं पूर्ण वजन ग्रेनमध्ये घ्यायचं (१०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम), त्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं, वेग फूट प्रति सेकंदात, आणि ४,५०,२४० नं भागायचं. उत्तर येतं फूट-पाउंडात. समजा बाण ४२० ग्रेनचा आणि वेग २६०, तर ६३ च्या आसपास. आता माझी एक ओळखीची पोरगी, सांगलीची, ४५ पाउंडाचं धनुष्य, ड्रॉ (दोरी मागं ओढायचं अंतर) लहान, बाण ३८० ग्रेनचा आणि वेग २१५, तिचं उत्तर ३९ आलं. ईस्टन कंपनीचा एक जुना तक्ता आहे तो सगळे मानतात: २५ ते ४१ मध्ये हरीण, ४२ ते ६५ मध्ये एल्क, काळं अस्वल, रानडुक्कर, आणि त्याच्या वर केप बफेलो नायतर ग्रिझलीसारखी जनावरं. म्हणजे ती पोरगी हरणाला जाऊ शकते, पण तिनं दोन इंच उघडणारं पातं घ्यायचं नाही, ते का ते पुढं येतंच. वेग मोजायला क्रोनोग्राफ लागतो, तो धनुष्याच्या दुकानात असतो, पाच मिनिटांचं काम आहे, धनुष्याच्या पाकिटावर छापलेला वेग धरू नका, तो वेग हलका बाण, लांब ड्रॉ, जास्त पाउंड असा सगळा मेळ घालून काढलेला असतो.

आपल्या पोरांना एक सवय असते, पाउंड वाढवायचे. स्पर्धेत कंपाउंडची मर्यादा ६० पाउंड, तिकडं दुकानात ७० चं धनुष्य सर्रास मिळतं, मग लगेच ७०. नोव्हेंबरात, शून्याच्या खाली, चार जाकिटं घालून, तीन तास न हलता झाडावर बसल्यावर ते ओढून बघा. मला ६२ जड जायला लागले होते. जेवढं बसल्या जागी, हळू, हात वर न उचलता ओढता येतं तेवढंच तुमचं.

तिसरं, बाण. यावर मी जास्त बोलणार कारण खरी गंमत इथं आहे. ब्रॉडहेड हे बाणाला नंतर लावायची वस्तू नाही, तो बाणाचाच भाग आहे, आणि पुढचं वजन बदललं की अख्खा बाण बदलतो. बाणावर ३४०, ४०० असे आकडे असतात ते स्पाइनचे, आकडा लहान तेवढा बाण कडक. आता तुम्ही १०० ग्रेनचं टोक काढून १२५ चं लावलं, तर सुटताना बाण जास्त वाकतो, म्हणजे तोच बाण आता मऊ असल्यासारखा वागतो, आणि मग मागनं शेपूट हलवत जातो. फील्ड पॉइंटला हे लपतं, ब्रॉडहेडला लपत नाही, कारण पुढं पाती म्हणजे पुढं पण पिसं लावल्यासारखं झालं, बाण जरा तिरका सुटला की वारा त्या पात्यांना धरून त्याला नेतो तिकडं. म्हणून टोकाचं वजन आधी ठरवा, १०० किंवा १२५, त्याप्रमाणं बाण घ्या, आणि मग ते बदलू नका. नवख्याला १०० नं काही बिघडत नाही, दुकानात त्या वजनात सगळ्यात जास्त प्रकार मिळतात.

एक मोजमाप अजून, एफओसी. म्हणजे बाणाचा तोल मध्यापेक्षा किती पुढं आहे. नॉकच्या (दोरीत अडकतो तो बाणाचा मागचा तुकडा) खाचेपासनं नळीच्या टोकापर्यंतची लांबी मोजा, ब्रॉडहेड सोडून. मग ब्रॉडहेड लावून बाण बोटावर तोला, जिथं आडवा राहतो तिथं खूण करा, नॉकच्या खाचेपासनं ते अंतर मोजा. लांबी २८ इंच असेल आणि तोल १७.५ ला येत असेल तर मध्य १४, फरक साडेतीन, भागिले २८, म्हणजे साडेबारा टक्के. शिकारीला १० ते १५ मध्ये असलं की निवांत. याहून पुढं पण लोक जातात. डॉ. एड ॲशबी म्हणून एकांनी आफ्रिकेत मारलेल्या जनावरांवर वर्षानुवर्षं बाण मारून नोंदी ठेवल्या, त्यांचं म्हणणं जड बाण, तोल खूप पुढं, आणि अरुंद मजबूत दोन पात्यांचं टोक, जाड हाडाला तर साडेसहाशे ग्रेनच्या पुढचा बाण. मोठ्या जनावराला जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पण पहिल्या सीझनला हरणामागं जाणाऱ्या पोरानं साडेसहाशेचा बाण केला तर त्याचा बाण इतका खाली पडत जातो की साईटवरच्या (नेम धरायच्या साधनावरच्या) वीस आणि तीस यार्डाच्या पिनांत हातभर फरक दिसायला लागतो, आणि अंतराचा अंदाज जरा चुकला की गेलं. मी तरी ४०० ते ४७५ च्या मध्ये राहा म्हणतो.

आता ते भिंतीवरचं पाकीट. प्रकार मोजून दोन, बाकी सगळी त्यांची पोरंबाळं.

फिक्स्ड म्हणजे पाती जागेवर घट्ट, हलत नाहीत. दोन पाती, तीन, चार. रुंदी साधारण एक ते सव्वा इंच. यात मोडायला काही नाही, उघडायला काही नाही, ताकद वाया जात नाही, हाडाला लागलं तरी टिकायची शक्यता जास्त. मुझी हे नाव जुनं, पाती बदलता येतात. मॉन्टेकसारखं एकाच तुकड्यातनं घडवलेलं तीन पात्यांचं असतं, त्याला धार लावायला सोपी. दोन पात्यांत सिंगल बेव्हल म्हणून एक प्रकार आहे, धार एकाच बाजूनं, सुताराच्या रंध्याच्या पात्यासारखी, ते आत जाताना पिळा घेत जातं, हाड फोडायला चांगलं म्हणतात. फिक्स्डचा त्रास एकच, धनुष्य नीट ट्यून नसेल तर ते तुमची लाज काढतं.

मेकॅनिकल म्हणजे उडताना पाती मिटलेली, लागल्यावर उघडतात. छत्री म्हणा, फक्त उलट वेळेला उघडणारी. रेज हे यातलं सगळ्यात ऐकू येणारं नाव, पाती मागं सरकून उघडतात आणि तोपर्यंत एक प्लास्टिकची कॉलर ती धरून ठेवते. रुंदी दीड, पावणेदोन, दोन इंच आणि वर. फील्ड पॉइंटसारखं उडतं, भोक मोठं पडतं, रक्ताचा माग ठळक मिळतो. मग सगळेच हे का घेत नाहीत? कारण पाती उघडायला आणि दोन इंच रुंद फाडत जायला ताकद लागते आणि ती तुमच्या त्या ६३ नायतर ३९ मधनंच जाते. तिरक्या कोनात बरगडीवर लागलं तर कधी घसरतं. आणि हलणारा भाग आला की बिघाड आला, हे एसटी चालवणाऱ्याला विचारा. माझं स्वतःचं सांगतो, दुसऱ्या सीझनला क्विव्हरमधनं (भात्यातनं) बाण काढला तर कॉलर कधी निसटली पत्ताच नाही, एक पातं अर्धं उघडून लोंबकळत होतं. हरीण वीस यार्डावर उभं. मी ते बघत बसलो, ते मला बघत बसलं, मग ते गेलं.

म्हणून माझं सरळ मत: पहिल्या दोन सीझनला फिक्स्ड, तीन पाती, १०० ग्रेन, सव्वा इंचाच्या आत. पन्नास फूट-पाउंडाच्या खाली असाल तर हा प्रश्नच नाही, फिक्स्डच, आणि त्यातही दोन पात्यांचं अरुंद. साठच्या पुढं असाल, धनुष्य मस्त ट्यून असेल आणि हरणालाच जाणार असाल तर मेकॅनिकल घ्या, कुणी अडवलंय. एल्कला मी फिक्स्डच घेईन. हायब्रिड म्हणून दोन पाती पक्की आणि दोन उघडणारी असं पण येतं, ते मी वापरलं नाही, त्यामुळं गप्प बसतो.

दुकानात पाकीट हातात घेतल्यावर काय बघायचं? पाती फेरूलमध्ये (ती धरून ठेवणाऱ्या मधल्या दांड्यात) हलतात का. टोक पुढं आलेलं भक्कम आहे का नुसतं पत्र्याचं. पाती किती जाड. बदलायची पाती सुटी मिळतात का. सगळ्यात महत्त्वाचं, त्याच वजनाचं सरावाचं टोक किंवा निदान एक जास्तीचं पाकीट परवडतंय का. तीनचं पाकीट चाळीस-पन्नास डॉलरला जातं, आणि सराव न करता थेट जंगलात जायचं नाही, त्यामुळं दोन पाकिटांचा खर्च धरूनच चाला.

आता बसवायचं. इथं जरा थांबा, कारण माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला तीन टाके आहेत. रविवारची सकाळ, किचनच्या टेबलावर सगळं मांडलेलं, पाकिटात एक छोटं प्लास्टिकचं रेंच येतं ते कुठं गेलं सापडेना, म्हटलं शेवटचा अर्धा आटा तर राहिलाय, फडक्यात धरून आवळतो. फडकं कापलं गेलं ते कळलं पण नाही, बोट कापलं ते पण आधी कळलं नाही, टेबलावर लाल दिसलं तेव्हा बघितलं. खरी धार असली की दुखत नाही. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं कांदा चिरताना लागलं, ती म्हणाली कांदा तू कधी चिरतोस. तर रेंच वापरा, ते सांभाळून ठेवा, आणि बाण न्यायचा तो झाकण असलेल्या क्विव्हरमध्येच, हातात किंवा खिशात नाही. झाडावर चढताना पण बाण धनुष्याला लावलेला नको, आधी चढा, हार्नेसचा बेल्ट अडकवा, मग दोरीनं धनुष्य वर ओढून घ्या.

बसवल्यावर फिरवून बघायचं. टेबलावर ब्रॉडहेडचं टोक टेकवून बाण उभा धरा आणि तळव्यांत रवीसारखा फिरवा. जिथं नळी संपते आणि टोक सुरू होतं तिथं नजर ठेवा. स्थिर दिसलं तर ठीक, थरथर दिसली तर इन्सर्ट वाकडा आहे नायतर नळीचं तोंड काटकोनात कापलेलं नाही. टोक काढून दुसऱ्या बाणाला लावून बघा, थरथर बाणाबरोबर राहिली का टोकाबरोबर गेली ते कळतं. बाराच्या बारा बाण चांगले निघतील ही आशा सोडा, माझे नऊ निघाले होते.

मग ट्यूनिंग. पेपरमधनं बाण मारून फाटलेलं भोक बघणं तुम्हाला माहीत असेल, ते आधी करा. त्यानंतर वीस यार्डावर, म्हणजे अठरा मीटरला, ब्रॉडहेड चालणाऱ्या फोमवर, एक फील्ड पॉइंट, एक ब्रॉडहेड, असं आलटून पालटून तीन-तीन मारा, वेगवेगळ्या ठिपक्यांवर, नाहीतर पात्यानं स्वतःचीच पिसं कापून घ्याल. ब्रॉडहेडचा ग्रुप डावीकडं पडला तर रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो भाग) उजवीकडं सरकवायचा, म्हणजे फील्ड पॉइंट जिकडं आहेत तिकडं, आणि सरकवायचा किती, तर १/३२ इंच, केसभर. खाली पडला तर रेस्ट जरासा वर. परत मारायचं. साईटला हात लावायचा नाही, हे लक्षात ठेवा, साईट हलवून ब्रॉडहेड मध्ये आणलं तर दोष तसाच राहतो आणि तीस यार्डावर परत डोकं वर काढतो. मला दोन संध्याकाळ लागल्या. दोन्ही ग्रुप एकात एक आले की मागं सरकून तीसवर तेच करायचं. कितीही केलं तरी एखादा बाण ब्रॉडहेड लावून ऐकतच नाही, तो सरावाला टाका.

धार. ऊसतोडीची टोळी फडात आली की सकाळी सकाळी कोयत्याला धार लावत बसलेली माणसं बघितली असतील, पहिली मोळी पडायच्या आधी अर्धा तास तेच. त्यांना कुणी सांगावं लागत नाही, बोथट कोयता म्हणजे संध्याकाळी खांदा गेला. ब्रॉडहेडचं तसंच, फक्त इथं बोथट धारेचा त्रास तुम्हाला नाही, जनावराला. पाकिटातनं काढलेलं पण तपासा. एक रबर बँड ताणून धरा आणि पातं त्याच्यावर अलगद टेकवा, दाबायचं नाही, तुटला पाहिजे. नाही तुटला तर धार लावा. तीन पात्यांचं असेल तर सपाट दगडावर दोन पाती एकदम टेकतात, तसंच आडवं ठेवून पुढं ढकलत जायचं, मग फिरवून पुढची दोन. आधी काळ्या मार्करनं धार रंगवून घ्या, दोन-चार हात मारल्यावर शाई कुठनं गेली ते बघा, कडेपर्यंत गेली तर कोन बरोबर. बदलायची पाती असतील तर हा उद्योगच नको, नवी घाला. फोममध्ये मारलेलं ब्रॉडहेड तसंच जंगलात न्यायचं नाही, फोम धार खातो. सरावाच्या बाणाला मी लाल नॉक लावायचो, म्हणजे पहाटेच्या अंधारात पण घोळ नाही.

एवढं सगळं झालं तरी ब्रॉडहेड कितीही भारी असो, ते चुकीच्या ठिकाणचा नेम बरोबर करून देत नाही. आणि इथं आपली टार्गेटवाली पोरं जास्त फसतात. आपण ५० मीटरवर ८० सेंटिमीटरच्या फेसला दहा मारणारी माणसं, आपल्याला तीस यार्ड म्हणजे खेळ वाटतो. पण टार्गेट हलत नाही. हिशोब करा: तीस यार्ड म्हणजे ९० फूट, बाणाचा वेग २७० धरला तर त्याला पोचायला सेकंदाचा तिसरा भाग लागतो. धनुष्याचा आवाज मात्र आठ शतांश सेकंदात पोचतो. उरलेल्या पाव सेकंदात सावध हरीण पळायला खाली बसकण मारतं आणि बाण वरनं जातो, किंवा नको तिथं लागतो.

माझं तसंच झालं. अडतीस यार्ड, आजोबा मान हलवून नको म्हणत होते, मी मनात म्हटलं यांना काय माहीत मी कुठनं आलोय. सोडला. हरीण हललं आणि बाण पोटात मागं लागला. बाण आरपार जाऊन मातीत होता, पिसांना हिरवट घाण आणि वास. फुप्फुसाला लागलं असतं तर गुलाबी फेसाळ रक्त असतं, यकृताला असतं तर काळपट लाल. छातीत लागलं तर अर्धा तास थांबायचं, पोटात लागलं तर आठ-दहा तास तरी मागं जायचं नाही, नुसतं बसायचं, जनावर जवळच आडवं होतं आणि तिथंच संपतं. आजोबांनी हे सांगितलं होतं. मी घाईत वीस मिनिटांत निघालो, ते उठलं, मक्याच्या रानात शिरलं आणि माग संपला. रात्री टॉर्च घेऊन, परत सकाळी, शेजारची चार माणसं घेऊन शोधलं, नाही मिळालं. परत येताना गाडीत आजोबा एक शब्द बोलले नाहीत. त्या सीझनला मी परत बाण लावला नाही.

तर नेम कुठं, आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तोंड पलीकडं करून तिरकं उभं असेल तर बाहेर कुठनं निघेल ते डोक्यात धरून आत, पलीकडच्या खांद्याकडं. समोरनं नाही, मागनं नाही, पळताना नाही, फांदीआडनं तर नाहीच, एक काडी लागली तरी मेकॅनिकल हवेतच उघडतं. पहिल्या वर्षी वीस यार्ड, फार तर पंचवीस. विस्कॉन्सिनात सीझन सप्टेंबरच्या मध्याला उघडतो, म्हणजे जुलैपासनं ब्रॉडहेड हातात पाहिजे, आणि नोव्हेंबरात बंदूकवाल्यांचा सीझन लागला की धनुष्यवाल्यानं पण भडक नारिंगी घालायचं, तो नियम आहे.

मिळालंच तर मटण वाया घालवू नका. पहिल्या सीझनला आजोबांनी एक मांडी दिली होती, चरबी नसते त्यात, मी घरातनं नेलेल्या कांदा-लसूण चटणीत बारक्या आचेवर तीन तास ठेवलं, कुकरच्या नादाला लागलो नाही. आजोबांनी तीनदा वाढून घेतलं आणि रात्री बारापर्यंत पाणी पीत होते.

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी मेसेज आला, तीन पात्यांचं फिक्स्ड, १०० ग्रेन, दोन पाकिटं, फोमचं टार्गेट पण घेतलं, उद्या बसवतो. मी म्हटलं लय भारी. खाली अजून एक ओळ आली, "मामा, पाकिटात ते प्लास्टिकचं छोटं चक्रासारखं काय होतं, ते कचऱ्यात गेलं वाटतं, लागतं का ते?"